पदकाच्या आधीचा पगार

नेमबाज स्वप्नील कुसाळे रेल्वेत लागला २०१५ साली, तिकीट तपासनीस म्हणून. पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफलमधलं कांस्यपदक मिळालं २०२४ साली. मधली नऊ वर्षं कांबळवाडीच्या या पोराच्या हाती दरमहा पगार पडत होता. पदक आल्यावर बक्षिसांच्या घोषणा झाल्या, रेल्वेनं लगोलग बढती दिली. चांगलंच झालं. पण माझ्या मते खरी मोलाची मदत ती आधीची.

कारण आपण खेळाडूचं पोट त्याच्या पदकाला बांधून ठेवलंय. ज्याचं पदक हुकलं, त्यानं खायचं काय?

कोल्हापूरच्या, पुण्याच्या तालमींत पहाटे जाऊन बघा. बारा-तेरा वर्षांची पोरं जोर मारत असतात. दोन वेळची मेहनत, मधे झोप आणि खुराक. शाळेत नाव फक्त पटावर. दहावीला बाहेरून बसायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरून. बदाम-तुपासाठी बाप उसनवारी करतो. पंचविशीत गुडघ्याचं लिगामेंट जातं आणि मोडलेल्या कानाचा हा गडी कुणा पुढाऱ्याच्या मागे सफारी घालून उभा राहतो. दहा-बारा वर्षं घाम गाळून कमावलेल्या डावपेचांचा तिथे काडीचा उपयोग नाही.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे मान्य. पण पदाला लागणारं शिक्षण त्यात माफ नाही. प्रशिक्षक व्हायला पतियाळाच्या क्रीडा संस्थेचा डिप्लोमा करायचा म्हटलं, तर तिथेही साधारणपणे पदवी विचारतात. म्हणजे ज्यानं खेळापायी शाळा सोडली, त्याला खेळातही नोकरी नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण देऊन ही भोकं बुजणार नाहीत. वाढीव गुणांनी पोरगं पास होतं, शिकत नाही.

पैलवान खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला गेले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून पैसे उभे केले. कॉलेज पैलवानाच्या पाठीशी उभं राहिलं होतं! पुढे सरकारनं मात्र हात आखडता घेतला. खाशाबा १९५५ साली पोलिसांत फौजदार झाले, निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडले, १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक देणाऱ्या माणसाची ही गत, तर जिल्हा पातळीवर थांबलेल्याला कोण विचारतो?

मॅटवर, मैदानावर कोट्यवधी खर्च होतात. त्यातला थोडा पैसा प्रत्येक क्रीडा प्रबोधिनीत आणि मोठ्या तालमीत संध्याकाळी दोन तास शिकवणाऱ्या मास्तरांवर खर्च करा. स्पर्धा आणि परीक्षा एकाच दिवशी आली, तर परीक्षेची दुसरी तारीख हक्कानं मिळू द्या. आणि वस्तादांनो, पोराचा सतरा नंबरचा फॉर्म भरताना त्याला गणित कोण शिकवणार, हेही त्याच दिवशी त्याच्या बापासमोर ठरवा.