गावच्या घराचा निकाल कसा लावावा? (नवशिक्या वारसांसाठी)

अभिनंदन! कोकणातले चिऱ्याचे, कौलारू, सामाईक घर आता तुमचेही झाले. घाबरू नका. विकावे, दुरुस्त करावे की भाड्याने द्यावे, यातले काहीही न ठरवता दोन पिढ्या सहज निघतात.

१. सातबारा काढा. त्यावर अजून पणजोबाच असतील तर उत्तम. वारस नोंद 'मे महिन्यात' करू म्हणा. कुठल्या वर्षीच्या, ते बोलू नका.

२. बैठक गणपतीतच घ्या. सगळे आलेले असतात आणि आरतीची वेळ झाली की ती आपोआप मोडते.

३. विकण्याचा विषय काढा आणि 'आजोबांच्या घामाचं घर!' असे आधी कोण म्हणतो ते बघा. त्यालाच गुंठ्याचा भाव विचारा. पाठ असतो.

४. ताईची सही. इथे हात हलका हवा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने मिळाला. हे तिच्यासमोर उगाच उगाळू नका. भाऊबीजेला बरीशी साडी न्या, घडीत हक्कसोडपत्र ठेवा. 'हे काय रे?' विचारलेच, तर 'काही नाही गं, फॉर्मॅलिटी.' ती 'वाचून सांगते' म्हणाली, तर मात्र तुमच्याबद्दल वाईट वाटते. लिहायला-वाचायला शिकवून आईवडिलांनी केवढी चूक केली! लगेच चार नातेवाइकांना फोन करा आणि ताई पैशाला हपापली असल्याचे जड अंतःकरणाने कळवा. साडीचे बिल जपा, भावांत वाटून घ्यायचे आहे.

५. दुरुस्ती. मुंबईच्या दादाला मॉड्युलर किचन हवे, पुण्याच्या भाऊंना होमस्टे. काकांना फक्त माजघरात गळणारी कौले बदलून हवीत. काकांचे शेवटी ऐका. ते बारा महिने तिथेच राहतात, त्यांना कसली घाई?

६. भाड्याने देताना कुणीतरी 'कूळ लागेल!' म्हणून ओरडेलच. १९४८चा कुळकायदा शेतजमिनीचा आहे, असे सांगणाऱ्याला 'तू वकील कधी झालास?' विचारून गप्प करा. मग अकरा महिन्यांच्या करारावर असा भाडेकरू शोधा, जो गणपतीत, शिमग्यात आणि आंब्याच्या दिवसांत घर रिकामे करून देईल.

७. घरपट्टी काका भरतात. पावतीचा फोटो ते फॅमिली ग्रुपवर टाकतात. त्यांना न चुकता अंगठा दाखवा.