बोक्याचा झुरका

2006 साली ब्रिटनमध्ये एका प्रेक्षकाने तक्रार केली: ‘टॉम अँड जेरी’त सिगारेटी ओढतात! प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉमने ती मनावर घेतली आणि ही कार्टून्स दाखवणारी टर्नर कंपनी दीड हजारांवर जुनी कार्टून्स तपासायला बसली. 1950 च्या ‘टेक्सस टॉम’मध्ये टॉम एका मांजरीवर छाप पाडायला एका हाताने सिगारेट वळतो, पेटवतो, ऐटीत झुरका मारतो. वाईटच की! पोरं शिकतील. डोक्यात हाणलेला तवा, तोंडात फुटलेला डायनामाइट मात्र चालू द्या. त्याने फुप्फुसं खराब होत नाहीत. आणि टर्नरने ठरवलं, कात्री लावायची ती धूम्रपान रुबाबदार वाटेल तिथेच. म्हणजे बोक्याने खुशाल ओढावी, फक्त खोकत आणि गबाळं दिसत.