भाऊसाहेब आणि विकतची शांतता

अमरावतीच्या प्रत्येक गल्लीत एक भाऊसाहेब असतात. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, गावाकडे थोडं वावर राखून असलेले आणि कोणतीही वस्तू घेण्याआधी जिल्हाभर सुनावणी घेणारे. साध्या मिक्सरसाठी ते राजकमल चौकापासून बडनेऱ्यापर्यंत चौकशी करतात. शेवटी घेतात तो पहिल्याच दुकानातला. मधल्या सगळ्या दुकानदारांना मात्र "येतो उद्या" म्हणून आलेले असतात, त्यामुळे पुढे वर्षभर त्यांना मागच्या गल्लीनं जावं लागतं.

१६ एप्रिल २०२५ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं आणि भाऊसाहेबांना नवा विषय मिळाला. तोवर विमान म्हणजे नागपूर, आणि नागपूर म्हणजे दीडशे किलोमीटर. आता विमान बडनेऱ्याच्या पलीकडेच येऊन उतरू लागलं. मुंबईच्या मुलानं भाऊसाहेब आणि वहिनी, दोघांची तिकिटं काढली आणि फोनवर जाता जाता म्हणाला, "बाबा, एटीआर आहे, पंख्याचं विमान. आवाज जरा जास्त असतो. एखादा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेऊन टाका."

घेऊन टाका! भाऊसाहेबांनी जन्मात काही घेऊन टाकलेलं नाही. अभ्यास सुरू झाला.

आठवडाभरात ते कट्ट्यावर व्याख्यान देऊ लागले. "आवाज म्हंजे लाट. हेडफोनातला माइक ते लाट आयकते अन् तिच्या बरोबर उलटी लाट सोडते. सुलटी न उलटी भेटली का दोघीबी खल्लास!" ही कल्पना पॉल लुएग नावाच्या जर्मन माणसानं १९३०च्या दशकातच पेटंट करून ठेवली होती, हे ते अशा सुरात सांगत की लुएग जणू त्यांच्याच खात्यात होता. पण त्यांचा खरा जीव अमर बोसवर. "बाप बंगाली क्रांतिकारक. पोरगं अमेरिकेत एमआयटीत प्रोफेसर. १९७८ साली झुरिकहून घरी जाऊन राह्यलं होतं. इमानातल्या हेडफोनात गाणं कमी न घरघरच जास्त. त्यानं बसल्या जागी कागद काढला अन् गणित मांडलं. आपन इमानात बसलो त काय करतो? खिडकी मांगतो!"

मग बाजार. भाऊसाहेबांचं चलन रुपया नाही, सोयाबीनचा क्विंटल आहे. २०२५-२६चा हमीभाव ५,३२८ रुपये. म्हणजे सत्तावीस हजारांचा हेडफोन झाला पाच क्विंटलचा. "अन् तोही हमीभाव भेटला त," असं दुकानदाराला ऐकवायला ते विसरत नाहीत. दुसरीकडे दीड-दोन हजारांतही डब्यावर 'नॉइज कॅन्सलिंग' छापलेलं मिळतं. इथं मात्र भाऊसाहेबांनी दुकानदाराला बरोबर पकडलं. डब्यावर ईएनसी आहे की एएनसी? ईएनसी असेल तर ती सोय फोनवर पलीकडच्या माणसाला आपलं बोलणं स्वच्छ ऐकू जावं म्हणून. आपल्या कानाला तिचा काही उपयोग नाही, त्यासाठी एएनसीच हवं. "म्हंजे पैसे माहे न शांतता दुसऱ्याले?" या एका प्रश्नावर अर्धा बाजार बाद झाला.

उरलेल्यात कानात खुपसायचे की कानावर बसणारे, हा वाद. कानावरचे गाद्यांचे चांगले, पण चष्म्याच्या काडीनं गादी उचलली जाते आणि फटीतून आवाज आत शिरतो. भाऊसाहेबांचा चष्मा जाड. शिवाय मे महिना, पारा चव्वेचाळीसवर. कानाभोवती उबदार गादी बांधून घेणं म्हणजे घामाला घरी जेवायला बोलावणं.

सल्ल्यासाठी अकोल्याचे इवाई, म्हणजे व्याही, आले. ते ज्या रस्त्यानं आले, त्या अमरावती-अकोला रस्त्याचा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झाला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. तेवढ्या वेळात भाऊसाहेबांचं हेडफोन काळा घ्यायचा की पांढरा हेही ठरलं नसतं. इवाईंच्या अकोल्यात शिवणीला धावपट्टी इंग्रजांच्या काळापासून आहे. रोजचं प्रवासी विमान मात्र नाही. त्यामुळे या विषयावर त्यांचं मत अगदी निर्लेप. गिलावड्याचा घास घेत ते म्हणाले, "तुमी अमरावतीवाले उगाच खर्चात पडले, भाऊसाहेब. आमच्या अकोल्याले पाहा, इमानाचा आवाज फुकटात बंद हाय."

शेवटी दोघे दुकानात गेले. दुकानात लोखंडी कूलर घरघरत होता. पोऱ्यानं भाऊसाहेबांच्या कानावर हेडफोन चढवला, बटण दाबलं आणि कूलरची घरघर नाहीशी झाली. भाऊसाहेब ताडकन उठले.

"लाइन गेली काय बे?"

कान झाकलेल्या माणसाला आपला आवाज केवढा निघतो ते कळत नाही. आरोळी रस्त्यापर्यंत गेली. गिऱ्हाइकांनी वरच्या दिव्याकडे पाहिलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मशीनवरचा हात काढला. भाऊसाहेबांनी कूलरसमोर पंजा धरला. "हवा त येऊन राह्यली! मंग आवाज कुठी गेला?"

तिथंच त्यांच्या सगळ्या अभ्यासाला तडा गेला. वऱ्हाडात आवाज म्हणजे सगळं सुरळीत असल्याचा पुरावा. कूलर घरघरतोय म्हणजे घरात लाइन आहे. विहिरीवरची मोटर ऐकू येतेय म्हणजे पाणी चढतंय. पिठाची गिरणी, जिनिंग, रात्री दोनला निघालेला ट्रॅक्टर, सगळे आपण जागेवर असल्याची हाक देत असतात. उन्हाळ्यात मध्यरात्री कूलर थांबला की आवाजानं नव्हे, शांततेनं अख्खं घर उठून बसतं. असा माणूस पाच क्विंटल सोयाबीन देऊन शांतता विकत घेतो, तेव्हा तो खरं तर धास्ती विकत घेत असतो. भाऊसाहेबांनी तरीही घेतला, कारण इवाई सोबत होते आणि इवायासमोर माघार घेणं वऱ्हाडी माणसाच्या कोणत्याच हिशेबात बसत नाही.

विमानात पुढची जागा मिळाली, पंख्याच्या अगदी शेजारी. एटीआरच्या प्रत्येक पंख्याला सहा पाती, आणि सगळ्यात जास्त घुमतं ते त्यांच्या आसपासच्या ओळींत. मागं बसलं तर त्यातल्या त्यात बरं. हे भाऊसाहेबांना पाठ होतं. पण मुलानं सीट निवडली तेव्हा ते गादीच्या जाडीची तुलना करत होते. विमान वर चढलं, त्यांनी बटण दाबलं. ही यंत्रं अशा एकसुरी, खालच्या पट्टीतल्या घरघरीवरच सगळ्यात चांगली चालतात. घरघर एकदम पातळ झाली. भाऊसाहेबांचा चेहराही.

त्यांनी खिडकीतून पंख्याकडे पाहिलं. फिरताना पाती दिसत नाहीत, नुसतं धुरकट वर्तुळ. फिरतंय का थांबलंय? हेडफोन काढला. घर्रर्र. जीव भांड्यात. हेडफोन लावला. जीव परत भांड्याबाहेर. असं करत करत त्यांनी नाशिक गाठलं. मागच्या सीटवरचं पोट्टं रडू लागलं, ते मात्र हेडफोनातूनही साफ ऐकू आलं. वरच्या पट्टीचा, क्षणोक्षणी बदलणारा माणसाचा आवाज या उलट्या लाटेला नीट सापडत नाही. उलट घरघर हटल्यानं त्याच्या रडण्याला रान मोकळं मिळालं.

शेजारी वहिनी गाढ झोपल्या होत्या. त्यांनी निघताना घरच्या कापसाचे दोन बोळे पदराच्या गाठीत आणले होते. ते त्यांनी कानात घातले आणि मुंबई येईपर्यंत डोळा उघडला नाही. उतरल्यावर म्हणाल्या, "बाई, किती मस्त झोप लागली! अगदी कूलरजवळ निजल्यावानी वाटलं."

भाऊसाहेब परत आले ते अधिकारी म्हणूनच. बेलोऱ्याहून विमान पकडणारा गल्लीतला प्रत्येक जण आता आधी त्यांच्याकडे येतो. ते चहा सांगतात, अमर बोसपासून सुरुवात करतात, ईएनसीच्या फसवणुकीवर येतात, चष्म्याच्या फटीवर जातात. वहिनींच्या कापसाचा उल्लेख कुठंही येत नाही. तासाभरानं पाहुणा हताश होऊन विचारतो, "मंग घेऊ का नको, भाऊसाहेब?"

"घ्या ना बाप्पा, बिनधास्त घ्या," भाऊसाहेब म्हणतात. "फकस्त एकाच कानाचा भेटते काय ते इचारजा. दुसरा कान इंजनासाठी लागते."