ह्यो आवाज माझा न्हाई

दुसऱ्याचं गाणं ऐकताना माणूस मान डोलावतो. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकताना तोच माणूस कपाळाला आठ्या घालतो आणि म्हणतो, "ह्यो आवाज माझा न्हाई गड्या. मोबाइल बदला."

घाटनांदुरात आमच्या भजनी मित्रमंडळानं रेकॉर्डिंगचं मनावर घेतलं, तेव्हा पहिला प्रश्न जागेचा आला. देवळात आवाज घुमतो. ओसरीवर बसावं तर दूधवाल्याची फटफटी येते. शेवटी सोयाबीनची खोली ठरली. भिंतीलगत पोत्यांची थप्पी, त्यामुळे आवाज मुरतो, फिरून अंगावर येत नाही. भाव पडलेला म्हणून माल घरातच होता. पडत्या भावाचा तेवढाच काय तो उपयोग झाला. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक हवी होती. मागायला गेलो तर आतून उत्तर आलं, "पोळ्या होऊ द्या, उरली तर न्या." तोवर पेटीवाल्यानं भात्याचं भोक चिकटपट्टीनं बुजवलं.

पंखा बंद, दार बंद, घामाच्या धारा. पहिलं कडवं रंगात आलं आणि परळी-विकाराबाद लाइनीवरच्या गाडीनं हॉर्न दिला. पुन्हा पहिल्यापासून! टाळकरी म्हणाला, "आपला सूर काळी चार, गाडीचा सूरबी काळी चार. राहू द्या की."

ही गैरसोय काही आजची नाही. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गनं गायिका गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेही हॉटेलच्या खोलीत. कर्ण्यासमोर गायचं, तीनेक मिनिटांत राग आटपायचा आणि शेवटी स्वतःचं नाव पुकारायचं, म्हणजे जर्मनीतल्या कारखान्यात तबकडी कुणाची ते कळावं. आमच्यात नाव पुकारायची गरज नाही. कोण कुठं खाकरलं, यावरून गाव ओळखतं.

खरी गंमत ऐकताना. आपला आवाज आपल्याला एरवी कवटीच्या हाडांतूनही पोचतो, म्हणून तो आतून भारदस्त वाटतो. यंत्र फक्त हवेतून आलेला आवाज परत देतं. तो भारदस्तपणा गळून पडतो. त्या धक्क्यात माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही. पेटीवाला म्हणाला, पेटी दबली. पखवाजवाला म्हणाला, पखवाज मागं गेला. टाळकऱ्याला टाळ कमी वाटला. गाणं एकच, पण प्रत्येकानं आपापलंच ऐकलं.

जात्यावरच्या ओवीचं असं होत नसावं. आमच्याच जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात, १९९६ साली गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या गटानं बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांच्या ओव्या गोळा करण्याच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरातून लाखभर ओव्या जमल्या. दोघी दळायला बसल्या की एकीनं धरलेली ओवी दुसरी उचलायची. उचलायची तर समोरचीचं ऐकावंच लागायचं. खुंटा एक, हात दोघींचे. माझा आवाज दबला म्हणायला सवड कुणाला होती?

आमच्यात एक गडी सुराला कच्चा, म्हणून त्याला बटण दाबायला बसवला होता. रेकॉर्डिंगात त्याचा आवाज कुठंच नाही. सगळ्यांच्या तक्रारी संपल्यावर तो म्हणाला, "दुसऱ्या कडव्याला समदे एकदम जुळलात बघा. माझ्या अंगावर काटा आला."

आम्ही ते कडवं पुन्हा लावलं. त्यानं सांगितलेल्या जागी कान देऊन ऐकलं, तेव्हा कुठं पेटीवाल्याला पखवाज सापडला आणि मला टाळ. आता बटण दाबायची पाळी आळीपाळीनं घ्यायची, असं ठरलं आहे. पखवाजवाला तेवढा अजून कबूल होत नाही. त्याचं म्हणणं, पखवाज वाजवता वाजवता पायाच्या अंगठ्यानं बटण दाबता आलं तर बघू.