वाफसा येण्याआधी

आमच्या सायकल ग्रुपातली बहुतेक मंडळी पहाटे दौलताबादपर्यंत जातात, पोहे हाणतात आणि घटवलेल्यापेक्षा जास्त वजन घेऊन शहरात परततात. अशा सज्जनांतल्या एकाने यूट्यूबवर बेल्जियममधली सायक्लोक्रॉस शर्यत पाहिली, आणि ‘आपणही घेऊ’ म्हणाला.

हा मूळचा फ्रेंचांचा उद्योग. डॅनियल गूसो नावाच्या सैनिकाने १९०२ मध्ये त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. १९१० ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझने आपल्या यशाचं श्रेय याच खेळाला दिलं, मग काय विचारता! गवत, वाळू, चढ, चिखल असा छोटा फेरा ठरलेल्या वेळेत जमेल तितक्यांदा मारायचा. वाटेत ४० सेंटिमीटरपर्यंत उंच फळ्या. तिथे उतरायचं, सायकल उचलून पळायचं, पुन्हा उडी मारून बसायचं.

फुलंब्रीच्या वाटेवर एका मित्राच्या मामांचं वावर मूग निघून मोकळं पडलं होतं. आदल्या रात्री धो धो पाऊस झाला, तेव्हा संयोजक हरखलाच. चिखल आयता मिळाला!

काळ्या रानाचा चिखल सायकलीला लागत नाही, तो तिच्यात बिऱ्हाड करतो. पहिल्याच वळणावर ब्रेक आणि चाक यांच्यातली फट गच्च भरली. मोठ्या शर्यतींत टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही; माझं थेट ट्रॅक्टरच्या वर्गात गेलं. सायकल खांद्यावर घेतली.

“पंक्चर झाली का भाऊ?” बांधावरून मामी.

“नाही, शर्यत आहे.”

दुसऱ्या फेरीत त्यांनी काळजीने विचारलं, “अजून पंक्चरच?”

मामा तंबाखू मळत म्हणाले, “वाफसा तरी येऊ द्यायचा, पाव्हणं. अशात आम्ही बैल घालत नाही, अन् तुम्ही सायकली घालू लागले.”

शेवटच्या फेरीला घंटा वाजवतात. आमच्या संयोजकाने गोठ्यातली घुंगुरमाळ वाजवली. बैल उठला, रानाकडे एकवार पाहिलं आणि परत खाली बसला. माझ्या मागे एकच स्पर्धक उरला होता, तोही चिखलात रुतलेला बूट शोधत होता.

परदेशातल्या मोठ्या शर्यतीत मेकॅनिक धुतलेली दुसरी सायकल हातात देतो आणि पुढचा फेरा होईपर्यंत पहिली फवाऱ्याखाली धुऊन ठेवतो. फवारा! हे ऐकून संभाजीनगरकराच्या डोळ्यांत पाणी येतं. नळाला नाही येत.

“अहो, ड्रमला हात लावायचा नाही,” बायकोने दारातच बजावलं. “पाणी परवा येणार आहे.”

“मग सायकल?”

“वाळू द्या.”

वाळली. आता गॅलरीत बसून मी खुरप्याने सायकल निंदतो आहे. निघालेली ढेकळं बायकोने फोडून कुंड्यांत भरली आणि हात झटकत म्हणाली, “गुलाबाला छान आहे हो ही माती. पुढची शर्यत कधी आहे?”