न ओळखलेल्याचं सुतक

११ ऑगस्ट २००० रोजी अबहाच्या मुफ्ताहा रंगमंचावर, थेट प्रक्षेपण चालू असताना, सौदी गायक तलाल मद्दाह कोसळले आणि गेले. सौदीतल्या, त्यांच्यावरच्या किती शाळकरी प्रेमांचा त्या रात्री निकाल लागला, याची नोंद ठेवणार कोण? 'ज्याने तुला ओळखलंही नाही, त्याच्यासाठी कसलं रडणं?' आक्षेप रास्त. पण ही सवय लावली कुणी? १९८०च्या दशकापासून २०१८पर्यंत चित्रपटगृहं बंद, गाणं पाप ठरवणारे उपदेशक जोरात. मग जीव घरातल्या कॅसेटवरच जडणार. बरं, शोकाला थाट नाही म्हणावं, तर तिथे राजासाठीही झेंडा अर्ध्यावर येत नाही, कबरीवर नाव नसतं. त्या मानाने गायकाचं बरं चाललंय: त्या रंगमंचाला आता त्यांचंच नाव आहे. उपदेशकांना मात्र कुणी विचारलं नसावं.