एकाच हातची गाडी

जुनी मोटारसायकल विकावयास निघालेल्या सद्गृहस्थाच्या मुखातून त्या वाहनाचे जे चरित्र ऐकावयास मिळते, ते संतचरित्रांहूनही निष्कलंक असते: गाडी एकाच हातची, पावसात कधी न भिजलेली आणि फार तर मंडईपर्यंत गेलेली. (मंडईपर्यंत जाऊन चेन-स्प्रॉकेटचे दाते इतके कसे झिजतात, हे विचारणे शिष्टसंमत नाही.) मात्र रोकड पोचती होऊन आठवडा लोटतो न लोटतो, तोच इंजिनाचा खडखडाट दडपण्यासाठी ओतलेले दाट ऑइल आपला प्रभाव आवरते घेते, सायलेन्सरमधून निघणारा निळसर धूर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची वर्दी देतो आणि नव्या रंगाखालून टाकीचा गंज डोके वर काढतो, शिवाय मालकी आपल्या नावे करण्यासाठी फॉर्म २९ व ३० घेऊन परिवहन कचेरीत जावे, तर गाडीवर कुणा पतपेढीच्या कर्जाचा बोजा दफ्तरी अद्याप कायम असल्याचे कळते. अशा वेळी दाद मागू इच्छिणाऱ्याने १९३० चा मालविक्री कायदा अवश्य चाळावा. त्याचे १६ वे कलम, काही अपवाद वगळता, मालाच्या गुणवत्तेची कोणतीही गर्भित हमी मानीत नाही, आणि पूर्वमालकाचा दूरध्वनीही, कायद्याशी पूर्ण सुसंगत राहून, बंद असतो.